लवू घाडीची दोन बोटं

लालबागमध्ये एक गोष्ट बरीच वर्षं कुजबुजत सांगितली जायची, आणि सांगणारा ती सांगताना आपल्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मुडपून दाखवायचा. लवू घाडीने म्हणे तुरुंगात असताना आपली करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट स्वतः छाटलं आणि येशूला वाहिलं. ज्या हाताने पाप केलं तो हात तोडावा असं त्यांच्या धर्मात सांगितलंय, लवूने अख्ख्या हाताऐवजी दोन बोटांवर तडजोड केली, आणि येशूनेही ती कोकणी माणसाची घासाघीस म्हणून चालवून घेतली. तळमजल्यावरच्या दर्शनाकाकूंच्या म्हणण्याप्रमाणे ती बोटं गिरगावातल्या एका चर्चमध्ये स्पिरिटच्या बाटलीत ठेवलेली आहेत आणि नाताळला बाहेर काढतात. दर्शनाकाकू गिरगावात शेवटच्या गेल्या त्या धाकट्या नणंदेच्या मुलाच्या बारशाला, आणि त्या नणंदेला आता सून आलीय. पण बाटलीचं बूच कसलं आहे हेसुद्धा त्या सांगू शकतात.

उजव्या हाताची बोटं छाटायला कोयता डाव्या हातात धरावा लागतो आणि लवूला डाव्या हाताने साधी काडीही पेटवता येत नाही, हे कोणी विचारात घेत नसे. एवढी चांगली गोष्ट असल्या किरकोळ अडचणीसाठी कोण सोडणार?

खुद्द लवूला विचारून उपयोग नव्हता. तो लालबागच्या मसाला गल्लीत डंकाच्या यंत्रावर मिरची कुटतो. डोक्यापासून पायापर्यंत लालभडक, भुवया लाल, कानांचे केससुद्धा लाल. एखादी आगाऊ बाई मालवणी मसाला कुटायला टाकून सहज विचारावं तशी बोटांचं विचारते. लवू डंक सुरू करतो. त्या धडधडाटात आणि खकाण्यात बाईचा प्रश्न शिंकेत निघून जातो. रविवारी मात्र हा माणूस अंगाला साबण घासून पांढरा शर्ट घालतो आणि गिरगावात चर्चला जातो. बरोबर त्याची आई, मालन. ती आत जात नाही, पायरीवर बसते. आत गेले तर गावचा रवळनाथ रागावेल म्हणते, आणि घरी बसले तर येशू रागावेल. म्हणून पायरी.

लवूची कहाणी सांगायची तर त्याच्या बापापासून सुरुवात करायला हवी. बाप गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता, पण चाळीत त्याची पत होती ती गाऱ्हाण्यामुळे. घाड्यांकडे गावी देवाला गाऱ्हाणं घालायचा मान. चाळीत गणपती बसो, सत्यनारायण असो, कोणी नवी मोटरसायकल घेवो, आधी घाड्याला बोलावणं जाई. हातात नारळ धरून तो देवाला हाक मारी, जमलेल्यांचं सगळं सुखदुःख एकेका वाक्यात सांगे, आणि प्रत्येक वाक्याला सगळी चाळ एका आवाजात ओरडे, 'व्हय म्हाराजा.' म्हातारा गेल्यावर हे काम लवूकडे आलं. परळच्या हॉस्पिटलांसमोर गाडीवर शहाळी विकणारा, येताजाता दोन शिव्या हासडणारा हा गडी नारळ हातात धरला की वेगळाच दिसे. आवाज असा की माडीवरची झोपलेली पोरं उठून बसत.

गाऱ्हाण्याचा एक नियम होता, आणि तो बापाने पोराच्या पाठीत रट्टे घालून शिकवला होता. गाऱ्हाण्याला जो समोर बसला तो देवाचा पाहुणा. त्याचं नाव घेऊन रखवाली मागितली की दुसरा दिवस उजाडेपर्यंत त्या माणसाला बोट लावायचं नाही, गाऱ्हाणं घालणाऱ्याने तर नाहीच. एका वर्षी म्हाताऱ्याचा सख्खा मेव्हणा, ज्याने म्हाताऱ्याच्या बहिणीला लाथ मारून जिन्यावरून ढकललं होतं, बेशरमपणे सत्यनारायणाला येऊन बसला. म्हाताऱ्याने सवयीने सगळ्यांबरोबर त्याचंही नाव घेतलं. चाळ म्हणाली व्हय म्हाराजा. पूजा उठेपर्यंत म्हातारा दात खात त्याला प्रसाद वाढत होता. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मात्र त्याने मेव्हण्याला नळापाशी गाठून असा तुडवला की माणूस महिनाभर कुबडीवर होता. पण दुसऱ्या दिवशी. नियम म्हणजे नियम.

आता एवढ्या देवभोळ्या घरातलं पोर तुरुंगात कसं गेलं? एका रनआउटवरून. हसू नका, माणूस मेलाय.

लवूचा धाकटा भाऊ अभय. गिरणीच्या मोकळ्या कंपाउंडात, जिथे आता काचेचा टॉवर उभा आहे, तिथे अंडरआर्मची मॅच होती. लालबागची टीम आणि परळची टीम. अभय धावला, बॅट टेकवली, आणि परळचा कोंडीराम बेल्स उडवून आउट म्हणून ओरडला. अभय नॉटआउट म्हणाला. कोंडीराम हा साताऱ्याकडचा, रुंद खांद्यांचा, हमालीत वाढलेला. अभय जिभेचा तिखट. त्याने कोंडीरामच्या आईवरून काहीतरी म्हटलं. कोंडीरामच्या हातात उपटलेला स्टंप होता. त्याने तो आडवा फिरवला. अभयच्या कानशिलावर नारळ फुटावा तसा आवाज झाला, असं बघणारे सांगतात. पोरगं उभंच होतं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि कानातून रक्त आलं. गुडघ्यावर बसलं, मग आडवं झालं. लवूच्या गाडीसमोरूनच त्याला हॉस्पिटलात नेलं. संध्याकाळपर्यंत तो गेला.

स्मशानात नेण्याआधी लवूने आईच्या डोक्यावर हात ठेवून, चाळीतल्या सगळ्या पुरुषांसमोर, कोंडीरामला जिवंत ठेवणार नाही अशी शपथ घेतली. मग शहाळ्याच्या गाडीवरचा कोयता घेऊन तो लोअर परळच्या पुलाखाली कोंडीरामच्या वस्तीत गेला. बरोबर मावसभाऊ राजेश. कोंडीराम तोवर पोलीस ठाण्यात स्वतः हजर झाला होता. सापडला त्याचा थोरला भाऊ, ज्याने उभ्या आयुष्यात बॅट हातात धरली नव्हती. राजेशने त्याचे पाय धरले. लवूने खांद्यावर कोयता घातला, शहाळं सोलताना घालतात तसा तिरपा, आणि पुन्हा त्याच जागी. हाड दिसलं. तिसऱ्या वाराला त्या माणसाने एकच गोष्ट विचारली, मी काय केलंय. लवूचा हात तिथे थांबला म्हणून तो माणूस वाचला. पण त्याचा उजवा हात आजही बाहीत नुसता लोंबतो.

अशा तऱ्हेने दोघे वैरी, आणि लवूबरोबर राजेशही, एकाच मोठ्या घरी पोचले. लालबागमध्ये तुरुंगाला मोठं घर म्हणतात. जावयाला सासरचं नाव घ्यायला लाज वाटावी तसं.

मोठ्या घरात लवूचं स्वागत चांगलं झालं नाही. पहिल्याच आठवड्यात परळच्या पोरांनी त्याला संडासाच्या दारात गाठलं. तोंडात फडकं कोंबून बादलीच्या कडीने बरगड्यांवर मारलं, दोन मोडल्या. लवूने एकाच्या गालाचा लचका तोडला. मग अधिकाऱ्यांनी लालबाग आणि परळ वेगवेगळ्या बराकीत टाकलं. कोंडीराम भिंतीपलीकडे आणि लवू अलीकडे. लवूला तो दिसे तो फक्त जेवणाच्या रांगेत, लांबून. एकदा राजेशने ते अंतरही कापलं. वाढप्याच्या हातून उकळत्या डाळीची बादली हिसकावून त्याने कोंडीरामच्या पाठीवर ओतली. कातडं शर्टाला चिकटून आलं. सगळं अंगण वाट बघत होतं की आता कोंडीराम राजेशचा गळा दाबणार. कोंडीराम ओणवा होऊन खांबाला धरून उभा राहिला, घामाने चिंब, आणि काही केलं नाही. शिपायांनी राजेशला काठ्यांनी सोलून काढला.

लवूला त्या काही न करण्याचा फार राग आला. भाऊ मारणाऱ्या माणसाने निदान जनावरासारखं वागावं, म्हणजे त्याला मारणं सोपं जातं. चौकशी केली तेव्हा कळलं की कोंडीराम येशूवाला झालाय. आत आल्यावर त्याने टॉवेलने गळफास घेतला होता. शेजारच्याने पाय उचलून धरले म्हणून वाचला. तेव्हापासून तो शुक्रवारच्या प्रार्थनेला जाऊन बसतो.

आणि शुक्रवारची प्रार्थना ही एकच जागा अशी होती जिथे सगळ्या बराकींची माणसं एका छपराखाली बसत.

एवढं कळल्यावर पुढच्या शुक्रवारी लवू घाडी येशूचा भक्त झाला. बराकीत हास्याचे फवारे उडाले. घाड्याचा झील, म्हणजे पोरगा, टाळ कुटायला निघाला म्हणून कोणी त्याच्या पाया पडलं, कोणी त्याला फादर म्हणू लागलं. फक्त राजेश हसला नाही, कारण त्याला ठाऊक होतं. तोही मागोमाग भक्त झाला.

प्रार्थना घ्यायला माहीमहून सरोजिनी अमोलिक यायच्या. परळच्या एका हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, ताठ कण्याच्या, पांढऱ्या सुती साडीतल्या. त्यांना सगळे मेट्रनबाईच म्हणत. खुनी असो, पाकीटमार असो, त्या सगळ्यांना अहोजाहो करत आणि वॉर्डातल्या पेशंटसारखं झापत. नखं दाखवा. दाढी का नाही केलीत? येशूने तुम्हाला माफ केलं असेल, मी अस्वच्छ कॉलर माफ करत नाही. गाणी मराठी, चाली भजनाच्या, साथीला टाळ. बोलणं सरळ. बाहेर तुमची कोणी वाट बघत नसेल, त्या सांगत, तरी एकजण बघतोय, आणि त्याला तुम्ही काय केलंत ते आधीपासून माहीत आहे, तेव्हा त्याच्याशी खोटं बोलायचा त्रास घेऊ नका. लवूने हे एका कानाने ऐकलं. दुसरा कान आणि दोन्ही डोळे कोंडीरामच्या मानेवर होते.

पहिल्या दिवशी तो सगळ्यात मागे बसला. टाळ वाटताना कोंडीराम त्याच्यापर्यंत आला. पाठ भाजल्यामुळे तो अजून वाकून चालत होता. लवूच्या हातात टाळ देताना तो हळूच म्हणाला, "मला मारायलाच आलाईस न्हवं? मग मागं कशाला बसतोस. म्होरं बस, सोपं पडंल."

लवू पुढे जाऊन बसला. कुणाच्या बापाला भितो काय?

त्याच दिवशी मेट्रनबाईंनी कोणाला काही सांगायचंय का विचारलं, तेव्हा कोंडीराम उभा राहिला. त्याने सांगितलं की आपण एका पोराला स्टंपाने मारलं, पोरगं शिवी देत होतं पण ते आउट नव्हतं, बॅट आधी टेकली होती, आपल्याला दिसलं होतं. मग तो बसला. लवूच्या हातातल्या टाळांची दोरी त्याच्या मनगटाभोवती एवढी आवळली की हात निळा पडला. नॉटआउट. पोरगं खरं बोलत होतं. त्या रात्री त्याने राजेशला सांगितलं की आता पातं करायचं.

खिडकीची निखळलेली बिजागरी त्याने कधीच लपवून ठेवली होती. रोज आंघोळीच्या वेळी, नळ सोडून, हौदाच्या कडेवर तो ती घाशी. पाण्याच्या आवाजात लोखंडाचा आवाज बुडे. शहाळ्याचा कोयता परजणारा हात तो, धार कशी आणायची हे त्याला सांगायला नको होतं. मनगटाच्या केसांवर फिरवलं तर केस उडावेत अशी झाली, तेव्हा मुठीला चिंध्या गुंडाळल्या. प्रार्थनेला जाताना शिपाई प्रत्येकाचं अंग चाचपत. पण जमिनीवर अंथरायची मोठी सतरंजी गुंडाळी करून खांद्यावरून न्यावी लागे, आणि देवाची सतरंजी कोणी उलगडून बघत नसे. लवूने सतरंजी वाहायचं काम मागून घेतलं. मेट्रनबाई खूश झाल्या. सेवाभाव आला म्हणाल्या.

पातं तयार झालं त्याच सुमारास मालन भेटीला आली. जाळीपलीकडे दोन हात लांब, आजूबाजूला सगळ्यांची आरडाओरड. तिने विचारलं की चाळीत लोक हसतात, तू येशूकडे जातोस ते खरं का, आणि काय मागतोस त्याच्याकडे. लवूने एकच शब्द सांगितला, कोंडीराम. आई खूश होईल असं त्याला वाटलं होतं. तिने जाळीला बोटं अडकवली. एक पोरगा स्मशानात गेलेला. दुसऱ्याने आत एक खून केला तर तो बाहेर येणार नाही, एवढा हिशेब तिला कळत होता.

"तू शपथ घेतलंस," ती म्हणाली, "तेवा हात माझ्या डोक्यार ठेवलंस. माका इचारलंस काय?"

आपण आईसाठी मारतोय हे लवू आजवर धरून चालला होता. बराकीत परतल्यावर त्याने हे राजेशला सांगितलं तेव्हा राजेश त्याच्या तोंडावर थुंकला. अभयला खांदा मीपण दिलाय, तो म्हणाला, तुझ्याने होत नसेल तर सांग. दोघांची जुंपली. लवूने राजेशचं डोकं भिंतीवर आपटलं, राजेशने त्याच्या मोडलेल्या बरगडीवर गुडघा घातला, आणि दोघेही धापा टाकत पडले असताना ठरलं की येत्या शुक्रवारी लवूच मारेल. शपथ त्याची होती.

तो शुक्रवार गुड फ्रायडे होता. छपराखाली नेहमीपेक्षा गर्दी, कारण प्रार्थनेनंतर मेट्रनबाई बनपाव वाटणार अशी आवई उठली होती. लवूने सतरंजी अंथरली आणि अंथरता अंथरता पातं पाठीमागे कमरेत खोचलं, शर्ट वरून सोडला. तो पुढच्या रांगेत बसला. कोंडीराम त्याच्या उजवीकडे, हाताच्या अंतरावर. राजेश थेट मागे.

मेट्रनबाईंनी त्या दिवशी येशूबरोबर क्रुसावर टांगलेल्या दोन चोरांची गोष्ट सांगितली. दोघांचा गुन्हा सारखा, शिक्षा सारखी, मरण एकाच दुपारचं. एकाने शेवटपर्यंत शिव्या दिल्या. दुसऱ्याने आपली चूक कबूल केली आणि एवढंच म्हटलं, माझी आठवण ठेव. त्याला जागच्या जागी स्वर्ग मिळाला. सुधारायला त्याच्याकडे एक दिवससुद्धा नव्हता हे लक्षात ठेवा, बाई म्हणाल्या, तुमच्याकडे आहे. लवूने पाठीमागे हात नेऊन मूठ चाचपली. ठरलं होतं की बाई प्रार्थनेसाठी सगळ्यांना डोळे मिटायला सांगतील तेव्हा.

आणि तिथे मेट्रनबाईंनी घोळ घातला. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एका मालवणच्या कैद्याने त्यांना सांगून ठेवलं होतं की घाड्याचा आवाज एकदा ऐका. त्या म्हणाल्या, "घाडी, आजची प्रार्थना तुम्ही सांगा. इथे बसलेल्या सगळ्यांसाठी."

लवू उभा राहिला. प्रार्थना त्याला एकही येत नव्हती. इतके शुक्रवार त्याने मान बघण्यात घालवले होते. समोर माणसं हात जोडून, डोळे मिटून बसलेली. देवापुढे उभं राहून लोकांसाठी बोलायचं एकच बोलणं त्याच्या जिभेला ठाऊक होतं, आणि जीभ सुटली.

"बा देवा म्हाराजा, येशू म्हाराजा..."

कोकणातल्या माणसांचे डोळे खाडकन उघडले. मालवणच्या त्या स्वयंपाक्याला राहवलं नाही. त्याच्या तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा."

"आज जी काय लेकरां तुझ्या पायाकडे येवन बसली आसत, तेंका सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता दहाबारा आवाज. शिपाई चमकून आत बघू लागले. मेट्रनबाई गोंधळल्या, पण गोष्ट देवाशीच चाललीय एवढं त्यांना कळलं, आणि पुढच्या वेळी त्याही बारीक आवाजात म्हाराजा म्हणाल्या.

गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की मध्ये थांबत नाही. त्याला त्याची वाट असते. चाळीत लवू एकेका खोलीचं नाव घेई, इथे एकेका बराकीचं घेत गेला. कोणाची आई आजारी, तिला बरी कर. कोणाची तारीख पडत नाही, ती पाड. कोणाची बायको सोडून गेली, तिला सुबुद्धी दे, नाहीतर याला दे. माणसं हसत होती, रडत होती आणि ओरडत होती. बापाने रट्टे घालून बसवलेली ती चाल लवूला ओढत शेवटच्या बराकीपर्यंत घेऊन आली, आणि ज्याचं नाव घ्यायचं राहिलं असा एकच माणूस उरला. चालीत नावाएवढी जागा रिकामी होती. सगळे त्या नावाची वाट बघत होते.

"...आणि कोंडीराम," लवू म्हणाला. "तेची रखवाली कर. तेच्यावर जो कोण हात उगारीत, तो हात हंयच थांबव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळं छप्पर म्हणालं.

आपण काय बोलून बसलो हे लवूला कळलं आणि त्याच क्षणी ते राजेशलाही कळलं. तोही त्याच चाळीतला. लवू आता मारणार नाही, ना आज ना या जागी. लवूच्या कमरेत हिसका बसला. राजेशने शर्ट वर करून पातं उपसलं आणि उजवीकडे झेपावला. कोंडीराम अजून डोळे मिटून बसलेला, मान खाली, चांगली रुंद मान. लवूने मध्ये हात घातला. मूठ पात्यावर बंद झाली. राजेशने पातं मागे खेचलं, पुन्हा खेचलं, आणि पांढरी सतरंजी बघता बघता लाल झाली.

"तुझो भाव होतो तो," राजेश ओरडला.

"गाऱ्हाणा झाला रे," लवू म्हणाला.

पुढचं वेगाने झालं. कोंडीरामने डोळे उघडले आणि राजेशच्या छातीवर डोकं घातलं. दोघे टाळांवर कोसळले. परळवाले आणि लालबागवाले एकमेकांवर तुटून पडले. कोणाचा दात, कोणाचं नाक, कोणाच्या कानाची पाळी. मालवणच्या स्वयंपाक्याने बनपावांची पेटी एकाच्या डोक्यावर फोडली. शिपाई काठ्या घेऊन शिरले आणि समोर दिसेल त्याला, प्रार्थना करणाऱ्यालाही, झोडत सुटले. या सगळ्याच्या मध्यभागी मेट्रनबाई गुडघ्यावर बसून आपल्या पदराच्या पट्टीने लवूचा हात आवळत होत्या आणि त्याला हात वर धरायला सांगत होत्या, वर, अजून वर, वॉर्डात रोज दिसतं एवढं रक्त, तोंड काय वाकडं करता. कोंडीरामने आपला शर्ट फाडून पुढे केला. त्यांनी तो मळका आहे म्हणून परत केला.

चौकशी झाली तेव्हा छपराखालच्या एकाही माणसाला काही दिसलं नव्हतं. सगळे डोळे मिटून प्रार्थना करत होते ना. पातं हौदात गेलं होतं. राजेशवर नवी केस नको म्हणून लवूने हात दारात सापडला असं सांगितलं, आणि तो शेवटपर्यंत तेच सांगत राहिला. कोंडीरामनेही त्याला दुजोरा दिला. दोघांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट. अधिकाऱ्यांनी मेट्रनबाईंना विचारलं. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायचं नव्हतं. त्या म्हणाल्या की त्या बोटांचा हिशेब घाडी आणि देव यांच्यातला आहे. हे वाक्य एका शिपायाने ऐकलं, त्याने ते रजेवर लालबागला नेलं, आणि तिथे त्याला पाय फुटले, कोयता फुटला, स्पिरिटची बाटली फुटली.

राजेश पुढे दुसऱ्या तुरुंगात गेला. सुटल्यावर तो लवूशी बोलत नाही, पण मालनला दिवाळीला साडी आणतो. कोंडीराम अजून आत आहे. लवू शुक्रवारी डंक बंद ठेवून, साबणाने दोनदा हात घासून, मेट्रनबाईंबरोबर त्याला आणि बाकीच्यांना भेटायला जातो. मेट्रनबाई नखं तपासतात, लवूची आठ. गाऱ्हाणं तोच घालतो. नियम एका दिवसाचा होता, पण त्याने पुढे कधी हात उगारला नाही, आणि कोंडीरामचं नाव अजून शेवटी येतं. भाऊ विसरलेला नाही.

आता बोटांचं. लवू घाडीने ती कोणाला वाहिली नाहीत. पातं त्याने स्वतः केलं होतं, कोंडीरामच्या मानेसाठी. त्यावर त्याची करंगळी जागीच गेली. शेजारच्या बोटात पुढे पू झाला, म्हणून ते डॉक्टरांनी काढून टाकलं. करंगळी झाडणाऱ्याने रक्ताळलेल्या सतरंजीबरोबर उचलून फेकली. आणि ती तुटली तेव्हा लवूच्या तोंडून येशूचं नाव निघालं नव्हतं, राजेशच्या आईवरून शिवी निघाली होती, आणि ती आई लवूची मावशी लागते.